"मले नसेची गोळी दे": पण कोणती नस?

मागच्या आठवड्यात एकाच दुपारी आमच्या दुकानात चार जण "नसेची गोळी" मागायला आले. आमचं मेडिकल यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर, त्यामुळे दवाखान्यात जायच्या आधी अर्धं गाव पहिले आमच्याकडेच येऊन जातं.

पहिली एक बुढी. रात्री पोटरीत गोळा येतो, जीव जातो म्हणे. "नसेवर नस चढते रे बाबू, मले नसेची गोळी दे." तिच्या मागे एक ट्रॅक्टर चालवणारा भाऊ, त्याच्या कंबरेतून करंट निघतो तो थेट टाचेपर्यंत जातो. मग एक बाई आली, तिच्या सासऱ्याला सलाईन लावायला नस सापडत नव्हती, सिस्टरनं सहा ठिकाणी टोचलं, तर तिला "नस मोठी व्हायची" गोळी पाहिजे होती. आणि चौथे एक रिटायर मास्तर, दहा-बारा वर्षांची शुगर, पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटतं म्हणाले, चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही.

शब्द एकच, पण बुढीचं दुखणं मांसाचं, बाईच्या सासऱ्याचं रक्ताच्या शिरेचं, आणि खऱ्या नसेचे दोघंच, त्यातही एकाचा बिघाड कंबरेत अन् एकाचा तळपायात. धंद्यातलं खरं सांगतो, चौघांच्याही हातात मी तीच एक लाल गोळी टेकवली असती तर चौघंही समाधानानं गेले असते. म्हणून म्हटलं एकदा हे नसेचं प्रकरण नीट लिहूनच टाकावं. मी डॉक्टर नाही, औषधं विकणारा माणूस आहे, पण काउंटरवर उभं राहून वीस वर्षं हेच ऐकतोय.

बोअरमध्ये काय काय उतरतं

ज्याच्या वावरात बोअर आहे त्याला समजावून सांगायची गरजच नाही. मोटर खाली सोडताना तिच्यासोबत तीन गोष्टी जातात. एक पाइप, ज्यातून पाणी येतं. दुसरी केबल, जिच्यातून करंट जातो. तिसरा दोर, ज्याला मोटर लटकते. तिन्ही जागोजागी एकत्र बांधलेले असतात, वरून पाहिलं तर एकच जुडगा दिसतो.

हातापायातही असंच आहे. पाइप म्हणजे रक्ताच्या वाहिन्या, त्यातली मनगटाच्या वर निळी दिसते ती शीर. सिस्टर सुई लावायला शोधते ती हीच. केबल म्हणजे खरी नस, शाळेच्या पुस्तकात हिला चेतातंतू म्हणतात, आधी मज्जातंतू म्हणायचे, मी इथून पुढे नसच म्हणतो. आणि दोर म्हणजे मांस हाडाला बांधून ठेवणारी कंडरा, टाचेच्या मागे बोटानं दाबून पाहा, ताठ दोरी लागते ना, ती. आपण या तिघांनाही नस म्हणतो, वरून मांसात गोळा आला तरी नसच चढते. खरी नस कशावर चढत नाही, आपल्या जागी पडून असते. ती पोटरीत गोळा येतो ना, तो मांस एकदम आखडून सुटत नाही म्हणून येतो, पायाचा पंजा हातानं धरून आपल्याकडे ओढला की बहुतेक वेळा सुटतो. बुढीला तेच करून दाखवलं, गोळी दिली नाही, तर नाराज झाली.

पण ही गडबड फक्त आपलीच आहे असं समजू नका. ग्रीक भाषेतला न्यूरॉन हा शब्द, ज्याच्यावरून आज सगळं न्यूरो-न्यूरो चालतं, त्याचा मूळ अर्थ दोर, धनुष्याची दोरी, कंडरा असाच होता. लॅटिनमधला नर्व्हस पण तसाच. आणि आपला स्नायू हा संस्कृत शब्द त्याच ग्रीक शब्दाच्या खानदानातला आहे! मग मजा पाहा, मराठीत स्नायू म्हटलं की मांसपेशी, आणि जुन्या हिंदीत स्नायु म्हटलं की नस. विदर्भात आपण निम्मं हिंदी बोलतो तर घोळ होणारच. इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलस नावाच्या वैद्यानं मुडदे उघडून पाहिले आणि दोर वेगळा, केबल वेगळी हे सांगितलं. तरी शब्द तोच राहिला. इंग्रजीत नर्व्हस म्हणजे एके काळी पिळदार, दमदार असाही अर्थ होता, नंतर तो फिरत फिरत घाबरलेला, हात थरथरणारा असा झाला. आमच्याकडे पोट्टा बारावीच्या पेपरला नर्व्हस होतो तो हाच शब्द.

केबलच्या आत

नस कापून पाहिली तर आत हजारो बारीक तंतू असतात, जशी मोठ्या केबलमध्ये तारांची जुडी. यातला एकेक तंतू म्हणजे एका पेशीची लांबच लांब शेपटी. त्या पेशीला चेतापेशी म्हणायचं. पेशी म्हटली की आपल्याला सूक्ष्मदर्शकातला ठिपका आठवतो, पण पायाच्या अंगठ्याकडे जाणाऱ्या चेतापेशीचं मुख्य शरीर कंबरेजवळ असतं आणि शेपटी खाली अंगठ्यापर्यंत, म्हणजे उंच माणसात एक मीटरची एकच पेशी. मेंदूत अशा पेशी अंदाजे ८६ अब्ज आहेत, म्हणजे ८,६०० कोटी. मेंदूतून नसांच्या १२ जोड्या निघतात अन् मणक्यातून ३१.

काही तंतू खबर वर नेतात, गरम लागलं, काटा रुतला. काही हुकूम खाली आणतात, पाय उचल. त्यामुळे एकच नस दबली तरी कोणाला नुसत्या मुंग्या येतात, कोणाची ताकद जाते, कोणाचं दोन्ही होतं.

आता करंट म्हणतो आपण, पण महावितरणच्या तारेतून जातो तसा तो नसतो. धुऱ्यावरचं वाळलेलं गवत पेटवलं की आग कशी सरकते ते आठवा. पहिली काडी जागची हलत नाही, ती फक्त शेजारच्या काडीला पेटवते, ती पुढच्या, आणि शेवटच्या काडीपर्यंत आग तेवढ्याच जोरात पोचते. नसेतही तंतूच्या भिंतीला बारीक दारं असतात, ती एकामागून एक उघडतात, बाहेरचं सोडियम म्हणजे मिठातला एक भाग आत घुसतो, त्यानं शेजारचं दार उघडतं, असं करत खबर पुढे जाते. फरक एवढाच की इथं जळालेलं गवत सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात पुन्हा उगवतं आणि पुन्हा पेटायला तयार. अंगातलं मीठ फार खालीवर झालं, उन्हाळ्यात उलट्या-संडास लागले, की म्हातारे माणसं बरळायला लागतात त्यात या सोडियमचा मोठा हात असतो.

बंडीनं येणारं दुखणं आणि समृद्धीवरून येणारं

१८५० पर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटायचं की नसेचा वेग मोजताच येणार नाही. मग हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन माणसानं बेडकाच्या पायाची नस घेऊन तो मोजून दाखवला, सेकंदाला साधारण २७ मीटर निघाला. लोकांना विश्वास बसेना की एवढा कमी.

माणसात सगळ्या तंतूंचा वेग सारखा नाही. ज्या तंतूवर चरबीचं जाड वेष्टन असतं, त्याला मायलिन म्हणतात, तो तंतू पळतो. कारण त्याच्यात खबर दर काडीला थांबत नाही, वेष्टनाला मधे मधे फटी असतात त्या फटी-फटीवरून उड्या मारत जाते. साधी एसटी अन् जलद एसटीतला फरक समजा, साधी प्रत्येक फाट्यावर थांबते, जलद फक्त मोठ्या स्टँडवर. स्पर्शाची खबर सेकंदाला ७० मीटरच्या आसपास जाते, म्हणजे ताशी २५० किलोमीटर, समृद्धीवर एवढ्या वेगानं कोणी गेलं तर पोलीस सोडणार नाहीत. आणि काही दुखण्याचे तंतू बिनवेष्टनाचे, सेकंदाला एखाद मीटर, म्हणजे आपली बैलबंडी.

हे स्वतः तपासता येतं. अंधारात अंगठा खाटेच्या पायाला आपटला की पहिले कळतं की आपटला, एक तीक्ष्ण चमक येते, आणि मग एक क्षण असा असतो की माणूस दात दाबून वाट पाहतो, आता येते, आता येते, आणि मग ती खरी ठणक येते. तो जो क्षण आहे ना, तेवढ्यात बंडी अंगठ्यापासून कंबरेपर्यंत येत असते.

याच वेष्टनावरून पुण्याचं ते प्रकरण समजतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे पेशंट निघाले, संशयित आकडा दोनशेच्या वर गेला, आणि इकडे आमच्या दुकानात लोक विचारत होते की हा लुळं पाडणारा रोग हवेतून येतो का, मास्क द्या. जीबीएस म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम. जुलाब किंवा सर्दी-तापाच्या एखाद्या साध्या आजारानंतर एक-दोन आठवड्यांनी शरीराची स्वतःची फौज चुकून नसांच्या वेष्टनावरच हल्ला करते. केबलचं कव्हर सोललं की खबर जागच्या जागी विझते. बहुतेक वेळा पायातून सुरू होऊन वर चढत जातं, श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं तर व्हेंटिलेटर लागतो. पुण्यात दूषित पाण्यातल्या जंतूंवर बोट ठेवलं गेलं. एकाचा जीबीएस दुसऱ्याला लागत नाही, जुलाबाचा जंतू मात्र पाण्यातून पसरतो, म्हणून तिथं मास्कचा उपयोग नव्हता, पाणी उकळून पिण्याचा होता. बरेचसे लोक यातून उठतात पण महिने लागतात, कारण कव्हर नव्यानं चढावं लागतं.

पैनगंगेची डोंगी, फवारणी आणि मण्यार

आता जे सांगतो ते आपल्या भागात सगळ्यात जास्त कामाचं आहे, म्हणून थोडं लांब जाईल.

नस मांसापर्यंत जाते पण मांसाला चिकटत नाही. मधे एक फट असते, डोळ्यांना दिसणार नाही एवढी बारीक. धुऱ्यावरची आग इथं येऊन संपते, पुढे नदी आहे असं समजा, पूल नाही. तर नसेचं टोक या काठावरून रसायनाच्या डोंग्या सोडतं. मांसाला जाणाऱ्या नसांत या रसायनाचं नाव ॲसिटिलकोलिन. डोंग्या पलीकडच्या घाटाला लागतात, घाटावर बांधल्या की मांस आखडतं, हात हलतो. आणि लगेच घाटावरचा एक माणूस, म्हणजे एक एन्झाइम, त्या डोंग्या फोडून घाट मोकळा करतो, नाहीतर मांस आखडलेलंच राहील. १९२१ मध्ये ऑटो लोवी यानं बेडकाची दोन हृदयं घेऊन हे रसायनाचं काम सिद्ध केलं होतं, एका हृदयाची नस छेडली, त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंद झालं. नोबेल मिळालं त्याला.

आता फवारणी. पऱ्हाटीवर मारायची बरीच औषधं ऑर्गनोफॉस्फेट जातीची असतात, मोनोक्रोटोफॉस त्यातलंच. हे औषध अळीच्या अंगात जाऊन काय करतं, तर तो घाट मोकळा करणारा माणूस असतो ना, त्याचे हात बांधून टाकतं. डोंग्या येत राहतात, फुटत नाहीत, घाटावर गर्दी, मांस थरथरत राहतं, शेवटी थकून लुळं पडतं. अळी मरते. पण माणसाच्या घाटावर पण तोच माणूस आहे! २०१७ मध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबरात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारा मारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त कास्तकार-मजूर गेले, शेकडो भरती झाले. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा वर मारला की सगळं अंगावर पडायचं, घामानं भिजलेल्या कातडीतून आणि श्वासातून औषध आत. त्यातल्या सगळ्याच औषधांची जात एक नव्हती, लोक दोन-तीन मिसळून मारत होते, म्हणून डॉक्टरांनाही अवघड गेलं.

या जातीच्या विषाची लक्षणं डोंग्यांवरून आपोआप लक्षात येतात. सगळीकडे "चालू" चा हुकूम अडकलेला: तोंडाला लाळ, डोळ्याला पाणी, घाम, उलटी, संडास, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, अंगावर मांस फडफडणं, मग श्वास. असं दिसलं की कपडे काढून साबणानं अंग धुवायचं, आणि औषधाचा डबा किंवा त्याची चिठ्ठी घेऊन सरळ सरकारी दवाखाना. डबा सोबत नेणं लोकांना बिनकामाचं वाटतं, पण जात कळली तरच उतारा ठरतो. उतारा म्हणजे ॲट्रोपिन, ते ज्या घाटांवर लाळ-घामाची गर्दी झाली ते घाट झाकून घेतं. लाळ गळतेय म्हणून लिंबूपाणी पाजत बसू नका, श्वासनळीत जाईल.

मण्यार उलटं करते. मण्यारीचं विष या काठावर, म्हणजे नसेच्या टोकावरच बसून डोंग्या सोडणं बंद पाडतं. नागाचं विष पलीकडचा घाटच अडवून धरतं, डोंगी येते पण बांधायला जागा नाही. दोन्हीत परिणाम एकच, हुकूम पोचत नाही. पहिले पापण्या खाली येतात, बोलणं जड होतं, गिळता येत नाही, मग श्वास. मण्यार बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि जागेवर ना सूज ना फारसं दुखणं, म्हणून घरच्यांना पटतच नाही की काही चावलं. सकाळी पोट दुखतं, डोळे झापड आल्यासारखे, लोक म्हणतात रात्री जागला असेल. पावसाळ्यात कोणी असा उठला तर पहिले सापाचा विचार करा.

आता यातली गोष्ट ज्यानं मला स्वतःला फार्मसी शिकताना चाट पाडलं होतं. नागाच्या चाव्यात विषरोधक लसीसोबत डॉक्टर कधी कधी निओस्टिग्मिन देतात. हे औषध काय करतं? तोच घाट मोकळा करणारा माणूस थोडा वेळ बांधून ठेवतं. म्हणजे फवारणीच्या विषाचंच काम, मोजून, ॲट्रोपिन सोबत देऊन. डोंग्या फुटल्या नाहीत तर त्यांची संख्या वाढते, आणि अडवलेल्या घाटात कुठंतरी दोन-चार घुसतात. मण्यारीत याचा विशेष फायदा होत नाही कारण तिथं डोंग्याच निघत नाहीत.

दुखत नाही हीच बिमारी

लोक दुकानात येतात ते दुखतं म्हणून. पण नसेची सगळ्यात वाईट बिमारी ती जिथं दुखणं बंद होतं.

विदर्भाला हे वेगळं सांगायला नको. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन, सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धुतल्या. एवढं सगळं कुष्ठरोगावर, आणि अजूनही लोकांना वाटतं की या रोगात बोटं झडतात. जंतू बोटं खात नाही. तो थंड जागा पाहून नसेत बसतो, कोपराच्या मागे, कानाच्या पाळीजवळ, चेहऱ्यावर, आणि नसेला वेष्टन देणाऱ्या पेशींतच घर करतो. नस मेली की हाताला चटका कळत नाही, काटा कळत नाही, तवा हातानं उतरवला तरी कळत नाही. जखम होते, चिघळते, पुन्हा होते, बोट आखूड होत जातं ते त्यानं. म्हणून अंगावर फिकट चट्टा असेल आणि त्यावर टाचणी टोचलेली कळत नसेल तर लाजायचं काही नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायच्या, आणि माणूस बरा होतो.

मास्तरांच्या पायाचं तेच, फक्त कारण शुगर. रक्तात साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की सगळ्यात लांब तंतू पहिले मरतात, म्हणून सुरुवात तळपायातून, दोन्ही पायांना सारखी, मोजे घातल्यासारखी. यात विचित्र गोष्ट अशी की सुरुवातीला बधिरपणा आणि आग दोन्ही असतं, मरता मरता तंतू चुकीच्या खबरा पाठवत असतो. मास्तरांना सांगितलं की रोज रात्री तळपाय पाहा, स्वतःला दिसत नसेल तर आरसा खाली ठेवा, बिनचपलेनं मंदिरात पण फिरू नका. पुढे काय करायचं ते डॉक्टर सांगतील. ते म्हणाले, "देवाच्या दारी चप्पल कशी घालू?" याला माझ्याकडे उत्तर नाही. पहाटे जा म्हटलं, फरशी थंड असते.

भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडच्या जुन्या लोकांना लाखोळीची डाळ माहीत असेल. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाल्ली की पाय कडक होऊन काठी हातात यायची. त्या डाळीतलं विष मेंदूतून मणक्यात हुकूम आणणाऱ्या चेतापेशी मारायचं, आणि त्या पेशी मेल्या की परत येत नाहीत. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली ती म्हणूनच. एरवी जेवणात कधीमधी आली म्हणून कोणी लंगडं होत नव्हतं, पण ज्याच्या घरात दुसरं काहीच नव्हतं तो व्हायचा.

"पण मालिश केल्यावर तर बरं वाटते ना!"

हे मला रोज ऐकावं लागतं. वाटतं, खरंच वाटतं. पहिलं म्हणजे निम्म्या लोकांचं दुखणं मांसाचं असतं, ते शेकून, चोळून सुटतंच. दुसरं म्हणजे स्पर्शाच्या जलद तंतूंची खबर मणक्यात पोचली की ती दुखण्याच्या बंडीला दारातच थोडी अडवते, १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी हा दाराचा सिद्धांत मांडला. आपटलं की आपण आपोआप ती जागा चोळतो ते यामुळे. फक्त "नस बसवणारा" मानेला झटका देऊन कडकन आवाज काढतो ना, तिथं जाऊ नका. आवाजानं काही बसत नाही, आणि आधीच मणक्यांमधली गादी सरकलेली असेल तर महागात पडू शकतं.

"एमआरआयमध्ये नस दबलेली दाखवली, मंग आता ऑपरेशनच ना?"

ट्रॅक्टरवाल्या भावाचा प्रश्न. मणक्यांच्या मधे गाद्या असतात, कंबरेच्या खालच्या दोन गाद्यांवर सगळ्यात जास्त भार येतो, गादी मागे फुगली की शेजारून निघणाऱ्या नसेच्या मुळाला टेकते. मार कंबरेत, दुखणं टाचेत, कारण मेंदूला केबल कुठं दबली ते कळत नाही, केबल कुठून आली तेवढंच कळतं. घरातली डोअरबेल वाजली तर दारात माणूस आहे असंच आपण समजतो, वायर मधे कुठं उंदरानं कुरतडली हे कुठं कळतं.

पण ज्यांना काहीच दुखत नाही अशा भल्याभल्यांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते, वय वाढलं की तर जास्तच. त्यामुळे फोटो पाहून नाही, माणूस पाहून ठरवायचं. बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत बिनऑपरेशनचं कमी होतं. हां, लघवी-संडासचा ताबा गेला, बसतो त्या जागी बधिर झालं, किंवा पंजा उचलताच येईना, तर मात्र उद्या पाहू म्हणायचं नाही, त्याच दिवशी निघायचं.

हाताच्या मुंग्यांचं तर बोटंच सांगतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर असेल तर कोपरामागची नस, तीच जिला खुर्चीचा कोपरा लागला की झिणझिण उठते. अंगठा ते मधलं बोट, आणि रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो, तर मनगटातली. डॉक्टरकडे जाल तेव्हा "हात मुंग्यावते" एवढंच नका सांगू, बोट सांगा.

"ताकदीची सुई मारून दे"

लाल गोळी किंवा ती लाल सुई म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. नसेचं वेष्टन बनवायला ते लागतंच, आणि ते दूध-अंडी-मटणातूनच मिळतं, भाजीपाल्यात नसतं. त्यामुळे शाकाहारी माणूस, त्यात दूध नाही, त्यात शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू, अशांमध्ये ते कमी असतं आणि तेव्हा ही सुई खरंच जादू करते. पण ज्याचं कमीच नाही त्याला ती लाल लघवीपलीकडे काही देत नाही. दुसरी एक नसेची गोळी मिळते, प्रीगॅबालिन, ती नसेला दुरुस्त करत नाही, फक्त तिची बडबड कमी करते, झोप आणते, चक्कर आणते, आणि एकदम बंद करायची नसते. ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं ती शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घ्यावी हे मला तरी मान्य नाही, म्हणून दिली नाही. तो दुसऱ्या दुकानात गेला असेल.

"मेलेली नस परत येते का?"

मेंदू आणि मणक्यातल्या जाड केबलमध्ये जवळपास नाहीच. हातापायात येते, जर मूळ पेशी जिवंत असेल आणि कापलेली टोकं डॉक्टरनं वेळेत जोडली असतील तर. तुटलेल्या जागेपुढची शेपटी मरून जाते आणि नवीन कोंब मागून निघतो, जुन्या वेष्टनाच्या बोगद्यातून सरकत जातो. वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अठरा सेंटिमीटर म्हटलं तर सहा महिने.

आमच्या ओळखीचा एक कास्तकार, सोयाबीन कापताना विळ्यानं मनगट कापलं, नागपूरला नेऊन नस शिवून आणली. तळहात पांढरा, बधिर. डॉक्टरनं त्याला दाखवलं होतं की मनगटापासून बोटानं टकटक करत जा, जिथं झिणझिण उठेल तिथपर्यंत कोंब आलेला आहे. तर हा महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी दुकानात येतो, काउंटरवर हात उताणा टाकतो, टकटक करतो, आणि म्हणतो, "पेन दे बे." मग तळहातावर एक रेघ ओढतो. मागची रेघ केव्हाच धुऊन गेलेली असते, पण त्याला ती कुठं होती ते पाठ असतं. या वेळची मधल्या बोटाच्या बुडाशी आली होती.